बुटक्यांचा वाण

थोरली कोंबडी अंड्यांवरून उठली तेव्हा तिच्या पोटाखालून दोनच पिल्लं बाहेर आली. सूनबाई खुराड्यापुढे उकिडवी बसून वाट बघत राहिली, अजून एखादं येईल म्हणून. आलं नाही. कोंबडीने मागे वळूनही पाहिलं नाही. उरलेली अंडी तिच्या लेखी दगड झाली होती.

"किती?" मागच्या दारातल्या खुर्चीवरून सासऱ्यांनी विचारलं.

"दोन, मामंजी."

"पाय?"

तिने पिल्लं तळहातावर घेतली. एकाचे पाय इतके आखूड की ते बसलंय की उभं आहे हे कळू नये. दुसरं मात्र काड्यांवर उभं केल्यासारखं तिच्या बोटांवर डुगडुगत होतं.

"एक आखूड, एक लांब."

"म्हणजे एकच," मामंजी म्हणाले आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. "लांब पायाचं उद्या भाजीवालीबरोबर बाजारात पाठव."

या घरच्या कोंबड्यांना सगळी गल्ली 'बुटक्या' म्हणे. रंग ओल्या पाटीसारखा काळसर, मानेवर तांब्याची झाक, आणि पाय जेमतेम बोटभर. चालल्या की पोट जमिनीला घासायचं आणि पार्श्वभाग डावी-उजवीकडे असा हलायचा की शेजारची पोरं त्यांची नक्कल करत. पण त्यांच्यासारखी परसात ठेवायला सोयीची कोंबडी नाही. भिंतीवरून उडून जात नाहीत, वाफे उकरून टाकत नाहीत, आणि खुडूक बसल्या की आग लागली तरी उठायच्या नाहीत. सासूबाईंनी त्यांचं मूळ माहेराहून आणलं होतं. नियम मात्र मामंजींचा होता. बुटकीला बुटकाच कोंबडा, आणि लांब पायाचं पिल्लू पिसं फुटायच्या आत घराबाहेर.

सासूबाईंच्या वेळी एकेका कोंबडीमागे पिल्लांची रांग असायची. त्या गेल्या, जाताना खुराड्याची जबाबदारी मुलाकडे न देता सुनेकडे देऊन गेल्या, आणि तेव्हापासून रांग आखडत गेली. आता उरल्या होत्या तीन कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा, जो आरवायला मान वर करायचा आणि मधेच विचार बदलायचा.

मामंजी वाईट बोलणारे नव्हते. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. एखाद्याचं काम वाकडं झालं तर ते "वाकडं आहे" एवढंच म्हणत. तसंच त्यांनी एकदा पाहुण्यांपुढे म्हटलं होतं, "हिच्या सासूच्या हाताला यश होतं. हिच्या नाही." सूनबाई तेव्हा पाण्याचे पेले देत होती. तिने सगळ्यांना पाणी दिलं, रिकामा ट्रे स्वयंपाकघरात ठेवला आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले. शाळेत ती विज्ञान शिकवायची. हाताला यश असतं की नसतं, यावर तिचा विश्वास नव्हता. पण बोचायचं ते बोचलंच.

त्या दुपारी मामंजींनी आणखी एक सांगून टाकलं.

"हा मोसम शेवटचा. कोंबडा काही पुढचं वर्ष काढत नाही. आहेत त्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊ देत सुखाने. वाण बिघडवण्यापेक्षा बुडालेला बरा."

"बुडू देणार नाही मी," सूनबाई म्हणाली.

"तू काय करणार?"

काय करणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने उरलेली अंडी टोपलीत घेतली आणि मोरीत जाऊन बसली.

इतकी वर्षं ही न उबलेली अंडी खड्ड्यात पुरली जात. सासूबाईंना, मामंजींना, तिला स्वतःलाही ती फोडून बघावी असं कधी वाटलं नव्हतं. कुजकं अंडं हौसेने कोण फोडतं? तिने नाकाला ओढणी बांधली आणि जुन्या ताटलीत एकेक अंडं फोडायला घेतलं.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कामावरून जेवायला आला होता. दारातूनच मागे सरकला.

"अगं, काय हे. नळाला मैला आला तरी इतका वास येत नाही."

"मग खिडकीशी जाऊन जेव."

"जेवण? आता?" तो म्हणाला, पण गेला नाही. शर्टाची बाही नाकाशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला. "काय शोधतेस?"

"कुठे थांबली ते."

दोन अंड्यांत काहीच नव्हतं, नुसता पातळ झालेला बलक. ती म्हाताऱ्या कोंबड्याची कृपा. काहींत बलकावर रक्ताचं बारीक काळपट कडं होतं. म्हणजे जीव धरला होता आणि सुरुवातीलाच थांबला होता. आणि एका अंड्यात पिल्लू जवळजवळ पूर्ण झालेलं होतं. पिसं, चोच, मिटलेले डोळे. फक्त पायांच्या जागी पाय नव्हते. शरीराला चिकटलेली बोटं तेवढी होती, जणू मधला भाग कोणी द्यायचाच विसरलं.

सूनबाईने ताटली उजेडाकडे वळवली. मग ओढणी सोडली आणि तशीच बसून राहिली. वासाचंही भान उरलं नाही.

दरवर्षी ती फळ्यावर चार घरांचा चौकोन काढायची. आईकडून एक वाटा, बापाकडून एक वाटा. उंच रोप, बुटकं रोप, तीनास एक. मुलं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत लिहीत. परसातल्या बुटक्यांनाही ती मनात तोच चौकोन लावायची. दोघं आईबाप बुटके, मग तीन बुटक्यांमागे एक लांब पायाचं निघायला हवं. प्रत्यक्षात दोनामागे एक निघायचं. थोडी पिल्लं, थोडा योगायोग, असं म्हणून ती सोडून द्यायची. दोनास एक हे प्रमाण वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यांपुढे चालत होतं, तेही डुलत डुलत, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं की चौथं घर कुठे गेलं.

चौथं घर ताटलीत होतं.

"आखूडपणा एका बाजूने आला तर पाय आखूड," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन्ही बाजूंनी आला तर पिल्लू बाहेरच येत नाही. आणि आपण मुद्दाम दोन्हीकडून आणतोय."

"म्हणजे नियम..."

"नियमच मारतोय. चारातलं एक अंड्यात मरतं, एक लांब पायाचं म्हणून आपण घालवतो. उरलेल्या निम्म्यावर आपलं चाललंय. तेही सख्ख्या-चुलत भावंडांत."

नवऱ्याने बाही नाकावरून काढली, लगेच पुन्हा लावली. "हे तू बाबांना सांगणार आहेस?"

"हो."

"मी कामावर निघतो," तो म्हणाला.

तिने ताटली नीट धुतली, त्यात ते एकच पिल्लू ठेवलं आणि मामंजींपुढे नेलं. त्यांनी चष्मा लावला. सांध्यात फट राहिलेली चौकट बघावी तसं त्यांनी ते डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तिचं सगळं म्हणणंही ऐकून घेतलं.

"मग तुझं काय म्हणणं?"

"बुटकीला लांब पायाचा कोंबडा द्यायचा. याच वाणाचा. मग असं एकही मरणार नाही. निम्मी बुटकी, निम्मी लांब. आणि ती लांबही आपलीच, मामंजी. त्यांच्यात कमी काही नाही. फक्त आखूडपणा नाही."

"आणि तुझी सासू?" मामंजींनी चष्मा काढला. "तिने कधी लांब पायाचा कोंबडा परसात ठेवलेला मी पाहिला नाही. तिची अंडी कशी उबायची सगळी? तेव्हा हे चौकोन रजेवर होते का?"

मामंजींचा प्रश्न रास्त होता. तिचं म्हणणं खरं असेल तर सासूबाईंच्या वेळीही चौथं घर रिकामं राहायला हवं होतं.

"माझ्या अंगणात लांब पायाचा कोंबडा येणार नाही," मामंजी म्हणाले. "ते पुरून टाक बिचारं."

तिने पुरलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाली आली तेव्हा लांब पायाचं पिल्लू तिला दिलं नाही. "उद्या," म्हणाली. उद्याचा परवा झाला. मामंजी बघत होते.

तो एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. शाळेत जाता-येता, पेपर तपासताना, भांडी लावताना तो आडवा येत राहिला. एका रविवारी नवरा इस्त्रीचे कपडे घेऊन आला आणि पायाचा अंगठा चोळत म्हणाला, "त्या इस्त्रीवाल्या काकूंचा कोंबडा माणूस आहे की हवालदार? दरवेळी चपलेवर चोच मारतो. एवढ्या लांब ढांगांचा, वरून मान बघ कशी, तांब्याची."

सूनबाईचे हात थांबले. "रंग?"

"कसला रंग?"

"कोंबड्याचा. बाकीचा."

"काळाच. पाटीसारखा." मग त्यालाही उमगलं. "हां."

इस्त्रीवाल्या काकूंचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दुकान म्हणजे एक खोली, तिच्यात एक लांब टेबल, कोळशाची जड इस्त्री, आणि मागे उघडं परस. परसात कोंबड्याच कोंबड्या, सगळ्या पाटीच्या रंगाच्या, सगळ्या तांबूस मानेच्या, आणि सगळ्या लांब पायांच्या. सूनबाई कितीदा इथे कपडे देऊन गेली होती. कधी मागे डोकावली नव्हती.

"काकू, या कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? तुमच्याच की." काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. "तुझ्या सासूने दिलेल्या. लांब पायाचं निघालं की पदराखाली घालून इथे. म्हणायची, यांना बाजार नको दाखवू गं, माझ्या माहेरच्या आहेत."

"विकल्या नाहीत त्यांनी?"

"नाही बाई." काकूंनी एका सदऱ्यावर पाणी शिंपडलं, आणि जरा आवाज खाली आणला, जरी दुकानात तिसरं कोणी नव्हतं. "आणि परतफेड पण घ्यायची. तुझे सासरे कामासाठी बाहेरगावी गेले की कपड्यांच्या पिशवीत कोंबड्या घालून यायची. वर दोन चादरी. आठवडाभर ठेव म्हणायची, माहेरपणाला आल्यात. आणि घरी नेल्यावर बुटका कोंबडा बसवायची टोपलीखाली, त्यांच्याजवळ जाऊ नये म्हणून. कोणी विचारलं तर, त्याला बरं नाही."

"त्यांना कसं कळलं?"

"काय कळायचंय? एकदा एक कोंबडी चुकून माझ्याकडे राहिली होती, तिची सगळी अंडी उबली. तिने बघितलं. झालं." काकू हसल्या. "सासऱ्यांना सांगू नकोस हं. मला तिने शपथ नव्हती घातली, पण तरी."

सूनबाई टेबलापाशी उभी राहिली. कोळशाच्या धगीने चेहरा तापला होता. चौकोन रजेवर नव्हते तर. नियम पाळलाच जात नव्हता, म्हणून वाण टिकला होता. मामंजी कामातून निवृत्त झाले, दिवसभर मागच्या दारात बसू लागले, आणि तिने, आज्ञाधारक सुनेने, तो नियम पहिल्यांदाच अगदी काटेकोर पाळला. ज्या हाताला यश नव्हतं तो नियम पाळणारा हात होता.

घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. एवढं एक सांगितलं की वाद संपला असता. मामंजींच्या प्रश्नाला चोख उत्तर होतं, साक्षीदारासकट.

मामंजी दारात बसून धाकट्या कोंबडीला दाणे टाकत होते. एकेक दाणा, नेम धरून. "तुझी मालकीण असती तर," ते कोंबडीला म्हणाले आणि पुढचा दाणा टाकला.

सूनबाईने वाक्य गिळलं. ते सासूबाईंचं होतं, वापरायला तिचं नव्हतं. आणि पिशवीवर दोन चादरी टाकून न्यायचं, हेही तिच्याच्याने होणार नव्हतं. लपवून टिकवलेली गोष्ट लपवणाऱ्याबरोबर जाते, हे ती बघतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रुंद उघडी टोपली घेतली, तिन्ही कोंबड्या तिच्यात बसवल्या, आणि मागच्या फाटकाने न जाता घरातून, मामंजींच्या खुर्चीशेजारून, पुढच्या दाराकडे निघाली.

"कुठे?"

"इस्त्रीवाल्या काकूंकडे. त्यांचा कोंबडा आपल्याच वाणाचा आहे, लांब पायाचा. महिनाभर तिथे राहतील."

"मी नको म्हटलं होतं."

"तुमच्या अंगणात लांब पायाचा कोंबडा येणार नाही म्हणालात. तो येत नाहीये. या जातायत."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. "हे असलं शाळेत शिकवतात?"

"शाळेत मी शिकवते."

टोपलीतल्या थोरलीने मान बाहेर काढली आणि मामंजींकडे एका डोळ्याने बघितलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"आणि नाही उबली तर?"

"तर तुम्ही म्हणता तसं. हा मोसम शेवटचा. खुराड्याच्या फळ्या तुम्ही काढा, मी खिळे गोळा करते." टोपली जड होती, तिने ती कमरेवर घेतली. "पण नीट करून बघितल्याशिवाय नाही, मामंजी."

ती गेली. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, एक बंद झाली. टोपली घेऊन चाललेली बाई सगळ्यांनी पाहिली, आणि तिला तेच हवं होतं.

मग परस रिकामं झालं. एकटा म्हातारा कोंबडा फिरायचा आणि ते लांब पायाचं पिल्लू आपल्या आखूड भावंडाला मागे टाकून धावायचं. काकूंकडे कोंबड्यांनी अंडी द्यायला सुरुवात केली, पण सूनबाईने पहिली अंडी उबवायला ठेवू दिली नाहीत. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात काही आठवडे टिकतं. त्या अंड्यांवरून काहीच सिद्ध झालं नसतं.

"ठेव की त्यातली चार," नवरा म्हणाला. "बाबा रोज फळ्यांकडे बघतायत."

"बघू देत. अर्धवट करून हरायचं नाहीये मला."

मोसम उतरत चालला होता. खुडूक बसायची वेळ टळली तर कोंबडी बसत नाही, आणि कोंबडी बसली नाही तर सगळंच पुढच्या वर्षावर, जे वर्ष तिने स्वतःच्या तोंडाने गमावायचं कबूल केलं होतं. शाळेतून ती थेट काकूंच्या परसात जायची. मधलीने बसल्यासारखं केलं आणि उठली. धाकटीने तर बघितलंसुद्धा नाही. अखेर थोरलीच बसली, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, जवळ येणाऱ्या हाताला चावत. सूनबाईने तिन्ही कोंबड्यांची नंतरची अंडी तिच्याखाली सरकवली, हाताला रक्त आलं ते चोखलं, आणि त्या संध्याकाळी टोपलीसकट तिला घरी आणलं.

मामंजींनी खुर्ची जरा बाजूला घेतली, टोपली जायला जागा व्हावी म्हणून.

मधल्या दिवसांत तिने एकदा कोठीच्या खोलीचं दार लावून टॉर्चपुढे अंडी धरून बघितली. एक कोरं होतं, ते बाजूला काढलं. बाकीच्यांत लाल फांद्या पसरल्या होत्या. काळपट कडं एकातही नव्हतं. ती बाहेर आली आणि मामंजींसमोरून थेट अंडी पुन्हा कोंबडीखाली सरकवायला गेली. फांद्या दिसणं वेगळं आणि पिल्लू पायावर उभं राहणं वेगळं.

ज्या दिवशी कवचं टिचली त्या दिवशी शाळा होती. ती गेली, तास घेतले, फळ्यावर लिहिताना एक शब्द दोनदा लिहिला, मुलांनी दाखवून दिला. घरी आली तर खुर्ची रिकामी. मामंजी खुराड्यापुढे जमिनीवर बसले होते, काठी शेजारी आडवी, आणि त्यांच्या पायजम्याच्या घडीत पिल्लं भरली होती.

"थांब, हलवू नकोस," ते म्हणाले. "अजून एक फोडतंय."

ती शेजारी बसली. शेवटचं बाहेर पडायला बराच वेळ घेत होतं. कोंबडी घशात घुरघुरत होती. मग कवचाची टोपी सरकली आणि ओलं, दमलेलं पिल्लू मान टाकून पडलं. पाय लांब.

ठेवलेलं एकही अंडं उरलं नव्हतं.

मामंजींनी मांडीवरची पिल्लं एकेक करून दोन बाजूंना ठेवली. आखूड इकडे, लांब तिकडे. हात सवयीने चालत होता. दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या. लांब पायाची लगेच आखूड पायांच्यात मिसळायला लागली, ते पुन्हा वेगळी करायला गेले आणि सूनबाईने त्यांच्या हातापुढे हात धरला.

"ही कुठे जाणार नाहीत, मामंजी. एकही नाही. यांच्याशिवाय ती नाहीत."

पिल्लं त्यांच्या बोटांवरून चढून एकमेकांत गेली. आता कोण कुठलं ते उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं.

"तिच्या वेळी असंच असायचं," मामंजी म्हणाले. "रिकामं कवच तेवढं मागे."

"हो."

"ती पण मला विचारून काही करत नसे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कवचाचा एक तुकडा उचलून नखाने त्याची कड बघत राहिले. "निदान तू सांगून करतेस. ऐकत नाहीस, ते सोड."

सूनबाईने त्यांना उठायला हात दिला. तो त्यांनी घेतला.

पिल्लं वाढली. म्हातारा कोंबडा एका दुपारी उन्हात बसला तो उठला नाही, आणि त्याची जागा कोण घेणार हे तोवर ठरून गेलं होतं. पहिल्या उबवणीतलं, भाजीवालीकडे जाता जाता राहिलेलं ते लांब पायाचं पिल्लू आता चांगला तगडा कोंबडा झालं होतं. पुढच्या मोसमात मधली आणि धाकटी त्याच्याकडे, आणि थोरली पुन्हा काकूंच्या कोंबड्याकडे, कारण ती या नव्या कोंबड्याची आई. आखूड पायांच्या पोरींसाठीही काकूंकडचाच दुसरा एक आणायचा. सूनबाईने हे सगळं जेवताना सांगितलं. मामंजी "हं" म्हणाले. नवरा म्हणाला, "आमच्या लग्नाला एवढा विचार कोणी केला नव्हता."

एका सकाळी ती शाळेला निघताना परसातून करवतीचा आवाज आला. मामंजी स्टुलावर बसून खुराड्याच्या दाराची वरची पट्टी कापत होते. आजवर आत-बाहेर करणारे सगळे बोटभर पायांचे, त्यामुळे दारही तसंच ठेंगणं होतं. नव्या कोंबड्याला रोज गुडघे मोडून, जवळजवळ रांगत आत शिरावं लागे, आणि त्याचा तुरा पट्टीला घासून लाल झाला होता.

"सूनबाई, अजून किती वाढेल हा?"

"चार बोटं तरी वाढेल."

मामंजींनी पट्टीवर चार बोटं ठेवली, पेन्सिलीने खूण केली, मग थोडा विचार करून आणखी एक बोट वर सरकवली.

"याची पोरं याच्याहून उंच निघाली तर पुन्हा मला कापायला लावशील," ते म्हणाले आणि करवत खुणेवर टेकवली. "ते टोक धर जरा. शाळा काय पळून जात नाही."

तिने पिशवी खाली ठेवली आणि पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली.